पुलाखालच्या तिसऱ्या

१

शिवदास गावंडांच्या अंगणातला साखरपुड्याचा मांडव उतरवायच्या आधीच त्या मांडवाखालून दाजींची तिरडी निघाली.

दाजी म्हणजे शिवदासचे वडील. नातीच्या, सुलूच्या, साखरपुड्याला म्हाताऱ्याने आग्रह करकरून लोकांना जेवू घातलं आणि स्वतःही दोन घास जास्तच खाल्ले. संध्याकाळी एकेकाला उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, हातापायांना मुंग्या आल्या. ज्यांनी तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, कालवण खाल्लं ते सगळे आडवे झाले. ज्यांचा उपास होता, ते ठणठणीत राहिले. तरणी माणसं पुढे उठून बसली, पण दाजी उठले नाहीत. शिंपल्यांतून विष गेलं, असं डॉक्टर म्हणाले. शिंपल्यांतून म्हणजे चंपाच्या टोपलीतून, हे सांगायला गावाला डॉक्टर लागत नव्हता.

चंपा खाडीत उतरून तिसऱ्या काढायची आणि भाईंदरच्या बाजारात विकायची. नवरा होडीवर गेला तो परतलाच नव्हता. मागे सासू आणि दोन पोरी. तिसऱ्या मिळायच्या दोन जागा होत्या. एक रेल्वेच्या पुलाखालचा दांडा, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा, आणि दुसरा त्याच्या पुढचा, जिथे रंगाच्या कारखान्याचा नळ खाडीत सुटतो तो नळाचा दांडा. दोन वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, नळापाशी मासे उलटे होऊन तरंगले तेव्हा गावकीने तिथे हात घालायला बंदी केली. तेव्हापासून तिथल्या तिसऱ्या खाणारं कोणी नव्हतं आणि त्या आपल्या पोसत होत्या. चंपाने मोहाने तिथल्याच उचलल्या, असं गावाने ठरवून टाकलं.

"पुलाखालच्याच हायेत," चंपा सांगत होती. "माज्या पोरींची शपथ."

शपथेवर माणूस सुटत नाही, म्हणून गावकीचे विठू पाटील आनंदीकडे आले.

आनंदी मालगुंडकर मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि भाईंदर पश्चिमेला आईवडिलांच्या दोन खोल्यांत राहायची. दोन वर्षं ती ओहोटीला चिखलात उतरून दोन्ही दांड्यांवरच्या तिसऱ्या मोजत होती आणि तिथल्या चिखलातले किडे, गोगलगायी, खेकडे गाळून मोजत होती. गाव तिला शिंपलेवाली बाई म्हणायचं. आई त्याहून वाईट म्हणायची, कारण बघायला येणाऱ्या स्थळांना चिखल आवडत नव्हता.

पाटलांनी गावंडांच्या उकिरड्यावरचे रिकामे शिंपले फडक्यात बांधून आणले होते. "बाय, तुज्याकडं दोन्हीकडचे शिंपले हायेत. सांग, हे कुठले?"

आनंदीला हुरूप आला. तिच्या कामाचा कोणाला तरी उपयोग होतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने शिंपले घासले, लांबी, रुंदी, जाडी मोजली आणि कॉलेजातून मागून आणलेल्या हँडलच्या मशीनवर आकडेमोड केली. तिची रीत साधी होती. प्रत्येक शिंपल्यासाठी फळीवर एक खिळा ठोकायचा. ज्या दोघांच्या आकड्यांत सर्वांत कमी अंतर, त्यांना आधी दोऱ्याने बांधायचं, मग त्या जोडीच्या जवळचा, मग त्याच्या जवळचा. शेवटी आपोआप घोळके पडतात आणि कोण कोणाचं सोयरं ते दिसतं.

गावंडांकडचे शिंपले नळाच्या दांड्याशी बांधले गेले.

"नळाच्या दांड्याचे दिसतात," ती म्हणाली.

त्यातला 'दिसतात' पाटलांनी ऐकलाच नाही. ते उठले, टोपी सारखी केली. "परवा सकाळी गावकी बसंल. चंपाला खाडी बंद, आन मंग पोलिसांच्या ताब्यात. तू मोठं काम केलंस, बाय."

पाटील गेले, पण आनंदी फळीसमोरच बसून राहिली. आपण एका बाईची भाकरी काढून घेतली की काय, हा विचार रात्रभर तिची पाठ सोडेना.

२

सकाळी चंपाच दारात उभी राहिली. ती भांडायला आलेली नव्हती, आणि आनंदीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुमी शिंपल्यांना इचारलंत," चंपा म्हणाली. "मला काय इचारलंत?"

आनंदीने तिला आत बोलावलं. आईने कपाळावर आठी घालून चहा ठेवला.

"सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

"काय सांगनार? साखरपुड्याचं घर. तिथं बारीक द्यायच्या का? पानी उतरल्यापास्नं पुलाखाली वाकून येकेक निवडली. मोठी असंल ती टोपलीत, बारीक ती परत चिखलात. पाठीचा काटा ढिला झाला, बाय. मंग तशीच टोपली नेली, चिखलासकट. गावंडांच्या इमलाबायच्या दारात वतली आन घरी गेली."

"धुतल्या नाहीस?"

"बाजारात न्यायच्या तर धुते. हितं येळ कुठं व्हता?"

आनंदी चहाचा कप हातात धरून तशीच बसली. मोठ्या तेवढ्या निवडून काढल्या! नळाच्या दांड्यावरच्या तिसऱ्या मोठ्या होत्या, कारण त्यांना कोणी काढत नव्हतं. चंपाच्या मोठ्या होत्या, कारण तिने निवडल्या होत्या. आणि आपण लांबी-रुंदीचे उघडे आकडे मशीनला घातले. मशीन बिचारं काय करणार? त्याने मोठ्याला मोठ्याशेजारी बसवलं आणि लहानाला लहानाशेजारी. वर्गात पोरांनी अशी चूक केली असती तर तिने त्यांना बाहेर काढलं असतं.

चंपा गेल्यावर तिने सगळे दोरे सोडले. या वेळी आकार बाजूला ठेवून तिने घडण घेतली: लांबीच्या मानाने जाडी किती, रुंदीच्या मानाने फुगवटा किती. नळाजवळची तिसरी थोराड झाली तरी ठेंगणी आणि जाड राहायची, पुलाखालची पातळ आणि पसरट. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याचं नाक बदलत नाही, तसंच हे.

दुपारपर्यंत नवे दोरे बांधून झाले. गावंडांकडचे शिंपले पुलाखालच्या घोळक्यात जाऊन बसले, एकूणएक. दुसरीकडचा एकही त्यात मिसळलेला नव्हता.

ती तशीच पाटलांकडे धावली. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काल तुजं यंत्र एक बोललं. आज दुसरं बोलतंय. उद्या तिसरं बोलंल." त्यांनी पान लावायला घेतलं. "बरं, चंपाच्या तिसऱ्या चांगल्या व्हत्या, असं धरू. मंग दाजी मेला कशानं? ते सांग. न्हाय सांगितलंस तर उद्या ठरलंय ते व्हनार."

३

उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता. आनंदी आधी शेवंतीकडे गेली.

शेवंतीही तिसऱ्या विकायची. चंपाला नळाच्या बाजूने येताना पाहिलं, ही बातमी गावभर तिनेच केली होती. गावंडांकडचं काम चंपाला गेल्यामुळे तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

"पायलं म्हंजे पायलं! डोळे फुटलेत का माजे?" शेवंती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"पुलाखालून घरी यायला दुसरी वाट आहे?"

शेवंती थोडी अडखळली. "न्हाय. वाट नळावरनंच हाय. पन येताना टोपली भरली नसंल कशावरनं?"

कशावरून, ते आनंदीला शिंपल्यांनीच सांगितलं होतं. भर घातली असती, मग ती चंपाने घालो की वैरी असलेल्या शेवंतीने, तर घोळके दोन पडले असते. शेवंतीची जीभ विषारी होती, हात नव्हता.

तिथून ती गावंडांच्या घरी गेली. मांडवाची कापडं निघाली होती, बांबू तसेच उभे होते. सुतकाचं घर, त्यामुळे बोलणं हळू. शिवदासची बायको विमलाबाई मागच्या ओटीवर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. कालवण तिच्याच हातचं होतं, आणि मामंजी तिच्या हातचं खाऊन गेले, या विचाराने तिने अन्न सोडलं होतं.

"भांड्यांना कल्हई होती ना?" आनंदीने जपून विचारलं.

"त्याच टोपात आदी डाळ झाली. डाळ खाऊन कोन आजारी पडलं?" विमलाबाईने पदर तोंडाला लावला. "नेहमीसारखंच केलं हो सगळं. कालवन इतकं मऊ झालेलं, मामंजी म्हनले, सूनबाय, दाताखाली एक कन आला न्हाय..."

तेवढ्यात शिवदास आतून आला. अंगाने आडवा, बोलायला गोड, पण आज त्याची नजर ठरत नव्हती.

"बाई, झालं का तुमचं? गावानं काय ते ठरवलंय. आमच्या घरात दुःख हाय."

आनंदी उठली, फाटकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दाताखाली एक कण आला नाही. चिखलातून काढलेली तिसरी शिंपल्यात वाळू घेऊन येते. तशीच शिजवली तर घासागणिक कचकच. चंपाने तर चिखलासकट दारात ओतल्या होत्या. मग त्यांनी आपल्या पोटातली वाळू टाकली कुठे?

ती माघारी वळली.

४

"विमलाबाई, तिसऱ्या शिजवण्याआधी कुठे ठेवल्या होत्या?"

विमलाबाईने तिच्याकडे असं बघितलं की जणू तांदूळ धुतलेत का असं कोणी विचारलं. "पान्यात. रातभर पान्यात ठेवल्याबिगर वाळू कशी सुटंल?"

"कुठल्या पाण्यात?"

"कुठल्या म्हंजे? आपल्या कोंडीतल्या."

घरामागे गावंडांचं जुनं मिठागर होतं. मीठ पिकवणं केव्हाच बंद झालेलं, पण खाडीचं पाणी साठवायची कोंडी तशीच भरलेली होती. बांधाला लाकडी फळ्यांची उघाडी होती, तिच्यातून भरतीला पाणी आत घ्यायचे, आणि दुसऱ्या टोकाला मिठागराचा एक जुना चर येऊन मिळायचा. गावंडांच्या घरात चार पिढ्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, आणि तिसऱ्या त्याच कोंडीत, जाळीच्या टोपलीत जित्या ठेवत आल्या होत्या. घरचं पाणी, खाडीपेक्षा निवळशंख. यात सांगण्यासारखं काय आहे, असंच कोणालाही वाटलं असतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, पाटलांनी विचारलं नाही, आणि विमलाबाईला ते सुचण्याचं कारणच नव्हतं.

आनंदी कोंडीच्या काठाशी गेली. तिसरी रात्रभर पाणी ओढते आणि गाळून सोडते. त्या पाण्यात जे असेल ते तिच्या मांसात राहतं.

"मला या कोंडीतला थोडा चिखल हवाय," ती म्हणाली.

"कशाला?" शिवदास एकदम पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सुतकाच्या घरात चिखल कसला उकरताय? निघा तुमी!"

"घेऊ दे तिला." आतून आवाज आला. दाजींची बायको सरूबाई भिंतीला धरून दारात आली होती. "चिखलच मागते ना? सोनं तर न्हाय मागत."

आनंदीने कोंडीतला चिखल घेतला, आणि उघाडीच्या बाहेर, खाडीच्या अंगालाही घेतला. चाळणीतून धुवून चाळणीत काय उरलं ते तिने घरी नेऊन मोजलं. तिच्याजवळ दोन्ही दांड्यांचे आकडे होतेच. कोणत्या जातीचे जीव किती, शेकड्यात किती, आणि कोणती जागा कोणत्या जागेसारखी. या वेळी तिने मशीनचं हँडल सावकाश फिरवलं. कालच तिने घाई केली होती, आज चूक झाली तर चंपाला कोणी वाचवणार नव्हतं. तिने हिशोब तीनतीनदा तपासला, या वेळी एका जागेला एक असे खिळे ठोकले, आणि मग दोरा बांधला.

कोंडीपासून उघाडीबाहेरची खाडी हाकेच्या अंतरावर. नळाचा दांडा पार पलीकडे. पण कोंडीचा खिळा शेजारच्या खाडीशी बांधला जाईना. तो सरळ नळाच्या दांड्याशी जाऊन बसला.

५

गावकी गावंडांच्याच अंगणात बसली. चंपा एका बांबूला टेकून उभी होती, तिच्या पोरी तिच्या लुगड्याला धरून. घराच्या उंबऱ्याआड सरूबाई आणि विमलाबाई होत्या.

आनंदीने चटईवर चार बशा मांडल्या. चिखल गाळून उरलेले जीव त्यांत होते. आकड्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"शेवंतीमावशी, इकडे या. बाजारात वाटे लावता ना, तसे लावा. ज्या बशा एकमेकींसारख्या दिसतात त्या एकत्र."

शेवंतीने संशयाने चंपाकडे पाहिलं. पण बशा तिच्यासमोर होत्या आणि गाव बघत होतं. दोन बशांत बारक्या गोगलगायी, लहान खेकडे, थोडे किडे होते. त्या तिने एका अंगाला सरकवल्या. उरलेल्या दोघींत दुसरं काही नव्हतंच, नुसते दोऱ्यासारखे लाल किडे वळवळत होते. त्या दुसऱ्या अंगाला.

"हे दोन वाटे. यात काय कोडं हाय?"

"काहीच नाही. माझं यंत्रही हेच म्हणतं," आनंदी म्हणाली. "या पहिल्या वाट्यातली एक बशी पुलाखालची. दुसरी गावंडांच्या उघाडीबाहेरची. आणि या लाल किड्यांची एक बशी नळाच्या दांड्यावरची. जिथे विषाने दुसरे बारके जीव मरतात, तिथे हेच किडे जगतात." तिने चौथी बशी उचलली. "ही शिवदासभाऊंच्या कोंडीतली. चंपाच्या तिसऱ्या रात्रभर याच कोंडीत होत्या."

अंगणात कुजबुज उठली. शिवदास उभा राहिला.

"भरतीला नळाचं पानी खाडीतनं आलं आसंल! यात माजा काय दोष?"

"खाडीतून आलं असतं तर आधी उघाडीबाहेरच्या चिखलात दिसलं असतं. तो चिखल तर पुलाखालच्या वाट्यात आहे. म्हणजे पाणी खाडीकडून आलेलं नाही. कोंडीत पाणी यायला दुसरी वाट एकच. मिठागराचा जुना चर. तो कारखान्याच्या कुंपणापर्यंत जातो."

"तो चर किती वर्सं कोरडा हाय!"

"मग किडे कुठून आले?"

विठू पाटील अस्वस्थ झाले. गावंडांचं घर मोठं, शिवदास त्यांच्या मानाचा माणूस. "बाय, किड्यांवरनं मानसावर आळ घ्यायचा? बापाला इख कोन घालंल?"

आनंदीजवळ यापुढे काही नव्हतं. आकडे जागा सांगतात, माणसाच्या तोंडून कबुली काढत नाहीत. चंपाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सरूबाई उंबऱ्याबाहेर आली. सुतकातली बाई गावकीत आली म्हणून दोघांतिघांनी चुकचुक केली. ती कोणाकडे न बघता घराला वळसा घालून मागे गेली. सगळे तिच्यामागून गेले. कोंडीच्या काठावर ती वाकली आणि तिने ओंजळ भरली.

"माज्या सासऱ्यानं खनलेली कोंडी हाय ही," ती म्हणाली. "माज्या घरच्या पान्यात इख हाय म्हनते ही पोर. मी पिऊन दावते. मेले तर पोर खरी."

तिने ओंजळ तोंडाशी नेली.

"आये, नको!" शिवदास धावला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरून पाणी उडवून दिलं. "नको पिऊस! ते पानी..."

आणि तो तिथेच थांबला.

६

"ते पानी काय?" सरूबाईने विचारलं.

शिवदास बांधावर मटकन खाली बसला. हळूहळू सगळं बाहेर आलं. नळावर गावाचा डोळा, म्हणून कारखान्याच्या साहेबाला दुसरी वाट हवी होती. रंग नसलेलं, वास नसलेलं पाणी चरातून सोडू दिलं, तर सुलूच्या होणाऱ्या नवऱ्याला कारखान्यात कायमची नोकरी. नोकरी होती म्हणून स्थळ जमलं, स्थळ जमलं म्हणून साखरपुडा झाला.

"कोंडी पडीक हाय, कोनाचं काय जातंय, असं वाटलं मला," तो रडत म्हणाला. "कैक महिनं घरात तिसऱ्या आल्या नव्हत्या, हिनं या येळी तिथं ठेवल्या हे मला काय ठाव!"

"आन तुमी तिथं काय सोडलंय ते मला कोनी सांगितलं?" विमलाबाई किंचाळली. मग तिला कळलं की तिच्या हाताला लागलेला डाग तिचा नव्हता, आणि ती तिथेच खाली बसून मोठ्याने रडली.

"तुला कवा कळलं?" सरूबाईचा आवाज चढला नव्हता.

"बाबा गेले त्या दिशी. कोंडीत टोपली पायली तवा."

"आन तरी चंपाला धरून दिलीस."

शिवदासने नुसतं चराच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

पाटलांनी माणसं पाठवून चराचं तोंड मातीने बुजवायला लावलं. मग ते चंपाकडे वळले, घसा खाकरला. चूक कबूल करायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तसं त्यांचं झालं. "चंपे, तुज्यावर काय न्हाय. उद्यापास्नं खाडीत जा."

"जाते," चंपा म्हणाली. "पन घेल कोन माज्याकडनं? मानूस मेल्याली टोपली म्हनतील."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजरा खाली घातल्या. शेवंतीनेसुद्धा. शिंपल्यांनी चंपाला निर्दोष ठरवलं होतं, पण बाजारात तिच्याकडून घ्यायला लावणं कुठल्याही आकड्याच्या हातात नव्हतं.

सरूबाई चंपाजवळ गेली. तिचे हात अजून ओले होते.

"सुतक फिटलं की तिखटाचं, मासळीचं जेवान घालावं लागंल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मानूस तर गेला, पन त्याच्या आवडीचं त्याला दावायला पायजे. तिसऱ्या तू आन, चंपे. दुसऱ्या कोनाच्या माज्या घरात नको."

आतापर्यंत न रडलेली चंपा हमसून हमसून रडू लागली. पोरी घाबरून तिला बिलगल्या. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि आनंदीकडे बोट केलं.

"आनीन, आये. पन आदी या बाय मोजतील, मंगच चुलीवर चडतील."

आनंदीने होकारार्थी मान हलवली आणि बशा गोळा करायला अंगणात गेली.